पीतपेशी, घुर्ये आणि मालवणचा खडक

मराठीत 'सहजीवन' हा शब्द आता प्रामुख्याने लग्नपत्रिकांत, विवाहाच्या पन्नाशीच्या सत्कारांत आणि सामाजिक सलोख्यावरील भाषणांत आढळतो. तो उच्चारताच दोन जीव परस्परांच्या आधाराने, तक्रार न करता नांदत असल्याचे चित्र डोळ्यांपुढे यावे, अशी त्याची घडण झालेली आहे. नाशिककरांना तर ही कल्पना इंग्रजी वेषातही परिचयाची आहे. डॉ. शां. ब. मुजुमदार हे पुण्याच्या फर्ग्युसन महाविद्यालयात वनस्पतिशास्त्राचे प्राध्यापक होते. परदेशांतून आलेल्या विद्यार्थ्यांना येथे आपलेपणा लाभावा या हेतूने १९७१ साली त्यांनी संस्था काढली तेव्हा तिचे नाव आपल्याच विषयातून घेतले : 'सिंबायोसिस'. पुढे त्या संस्थेचे एक व्यवस्थापन महाविद्यालय नाशकातही आले. आमच्या विद्यार्थ्यांपैकी बहुतेकांना या ग्रीक शब्दाचा एवढाच अर्थ ठाऊक असतो की तेथे प्रवेश मिळणे कठीण.

शब्दांचा माग काढणे हा आम्हा मराठीच्या अध्यापकांचा व्यवसायच असल्याने या शब्दाचाही माग काढावा असे आम्हांस वाटले. तो काढताना आम्ही ज्या ठिकाणी जाऊन पोहोचलो ते ठिकाण ग्रंथालयातले नव्हते. सिंधुदुर्ग किल्ल्याभोवतीच्या उथळ पाण्यातले ते खडक होते. वाटेत मुंबई विद्यापीठ लागले, काळाराम मंदिरही लागले. हा सारा प्रवास सांगण्यासारखा आहे असे वाटल्यावरून हा लेख.

प्रारंभ करायचा तो स्वयंपाकघरातून. आपल्या काळ्या आणि गोड्या मसाल्यात जे दगडफूल पडते ती वस्तुतः एक वनस्पती नव्हे. बुरशी आणि शैवाल अशा दोन सर्वस्वी भिन्न जीवांचे ते संयुक्त शरीर आहे. स्विस वनस्पतिशास्त्रज्ञ सिमोन श्वेंडेनर यांनी १८६० च्या दशकाच्या अखेरीस हे प्रतिपादन केले, तेव्हा आयुष्यभर दगडफुलांचे वर्गीकरण करीत आलेले पंडित खवळले. श्वेंडेनर यांनी या जोडीचे वर्णन करताना वापरलेली उपमा मात्र विसरू नये अशी आहे. त्यांच्या मते बुरशी ही मालकीण आणि शैवाल हे तिने जाळ्यात पकडून कामाला जुंपलेले गुलाम. युरोपात गुलामगिरीचा प्रश्न ताजा होता, अमेरिकेतले यादवी युद्ध नुकतेच संपले होते, तेव्हा ही उपमा आकाशातून पडली नव्हती हे उघड आहे.

त्यानंतर दहा वर्षांनी, १८७८ मध्ये, जर्मन शास्त्रज्ञ आंतोन द बारी यांनी एका व्याख्यानात 'सिंबिओझ' ही संज्ञा रूढ केली. भिन्न जातींच्या जीवांनी एकत्र राहणे, एवढाच त्यांचा अर्थ होता. त्या राहण्यात कोणाचे भले होते, कोणाचे वाईट होते, याचा निवाडा त्या व्याख्येत नव्हता. आंब्यावरचे बांडगूळसुद्धा द बारींच्या लेखी सिंबिओझच. म्हणजे जो शब्द आपण आज लग्नपत्रिकेवर छापतो त्याच्या मूळ अर्थात बांडगुळालाही मानाचे पान होते. गोडवा नंतर आला. तो कोणी आणला, हा आमच्या लेखाचा खरा विषय.

तो आणणाऱ्यांपैकी एक प्रमुख गृहस्थ पुढे मुंबईत प्राध्यापक झाले. पॅट्रिक गेडिस हे नाव मराठी वाचकाला असलेच तर नगररचनाकार म्हणून ठाऊक असते. परंतु स्कॉटलंडच्या या विलक्षण माणसाने आरंभ केला तो जीवशास्त्रापासून. लंडनला तो टी. एच. हक्स्ली यांचा विद्यार्थी होता. पदवी मात्र त्याने कधीच घेतली नाही. १८७८ च्या सुमारास फ्रान्सच्या ब्रिटनी प्रांतात रॉस्कॉफ येथील सागरी प्रयोगशाळेत असताना ओहोटीच्या वाळूवर उन्हात पसरून राहणारे हिरवेगार चपटे कृमी त्याने पाहिले. प्राणी असून ते हिरवे कसे, आणि उन्हाकडे का ओढले जातात? त्याने ते पाण्यात ठेवून उन्हात मांडले, त्यांच्यातून निघणारे बुडबुडे गोळा केले आणि त्यांत प्राणवायूचे प्रमाण मोठे असल्याचे दाखविले. प्राण्याच्या अंगात बसून कोणीतरी पानाचे काम करीत होते.

मग वळला तो समुद्रपुष्पांकडे. फुलासारखे दिसणारे, खडकाला चिकटून बसणारे आणि पोवळ्यांचे सख्खे भाऊबंद असलेले हे प्राणी. त्यांच्या शरीरात सूक्ष्मदर्शकाखाली असंख्य पिवळसर गोलक दिसतात. हे गोलक म्हणजे प्राण्याच्याच पेशी, ग्रंथी, की आणखी काही, यावर तेव्हा वाद चालू होता. जर्मनीत कार्ल ब्रांट यांनी १८८१ मध्ये ती स्वतंत्र शैवाले असल्याचे सांगून त्यांना 'झूझँथेला', म्हणजे प्राण्यातली पिवळी, असे नाव दिले. गेडिस यांनी १८८२ मध्ये 'नेचर' साप्ताहिकात आणि एडिंबराच्या रॉयल सोसायटीपुढे आपले प्रयोग मांडले आणि आपले वेगळे नाव सुचविले : 'फिलोझून', प्राण्याचा प्रेमी. शास्त्राच्या नियमांनुसार ब्रांट यांचे नाव टिकले, गेडिस यांचे मागे पडले. आम्हांला मात्र त्या मागे पडलेल्या नावातच सारा इतिहास दिसतो. एकाच गोलकाला एकाने रंगावरून हाक मारली, दुसऱ्याने नात्यावरून. श्वेंडेनर यांचा गुलाम बारा-तेरा वर्षांत प्रियकर झाला.

गेडिस यांचे चित्र असे होते : प्राणी श्वासावाटे जो वायू टाकतो आणि जे नत्रयुक्त मलद्रव्य टाकतो ते शैवालाचे खत, शैवाल उन्हात जो प्राणवायू आणि जे पिष्ट तयार करते तो प्राण्याचा आहार. एका उंबऱ्याच्या आत जंगल आणि जनावर दोन्ही. डार्विनच्या नावाने जीवनकलहाचा डांगोरा पिटला जाण्याच्या त्या काळात हे चित्र कित्येकांना दिलासा देणारे वाटले असल्यास नवल नाही. 'परस्पर साहाय्य' या विषयावरचा ग्रंथ १९०२ मध्ये प्रसिद्ध करणारा रशियन विचारवंत क्रोपोटकिन हा गेडिस यांचा स्नेही होता, ही गोष्ट येथे ध्यानात ठेवण्याजोगी आहे.

दरम्यान मेक्सिकोच्या प्रवासात १८७९ च्या सुमारास गेडिस यांची दृष्टी काही काळ गेली होती. ती परत आली, तथापि तासन्‌तास सूक्ष्मदर्शकाला डोळा लावून बसणे त्यांना पुढे जड जाऊ लागले. एडिंबराच्या गलिच्छ वस्त्यांकडे, शहराच्या वाढीकडे आणि माणसाच्या सामाजिक व्यवहाराकडे त्यांचे लक्ष वळले. पोटापाण्यासाठी ते डंडी येथे वनस्पतिशास्त्राचे प्राध्यापक होते, परंतु मन शहरांत होते.

१९१४ मध्ये ते हिंदुस्थानात निघाले. त्यांचे नगररचनेचे प्रदर्शन ज्या बोटीवर होते ती बोट 'एमडेन' या जर्मन युद्धनौकेने बुडविली; त्यांनी नवे साहित्य गोळा करून मद्रासला प्रदर्शन भरविलेच. पुढे होळकरांच्या इंदुरात प्लेगच्या दिवसांत त्यांनी दिवाळीची मिरवणूक काढून त्यात प्लेगच्या उंदराची भव्य प्रतिमा जाळली, आणि इंदुरावर १९१८ मध्ये दोन खंडांचा अहवाल लिहिला. जगदीशचंद्र बोस यांचे चरित्रही त्यांनी १९२० मध्ये लिहिले. १९१९ मध्ये मुंबई विद्यापीठाने समाजशास्त्र आणि नागरिकशास्त्र या नव्या विभागाचे प्रमुखपद त्यांना दिले. ते त्यांनी १९२४ पर्यंत सांभाळले.

येथे थोडे थांबून एका दुसऱ्या मुंबईकराचे नाव घेतले पाहिजे, कारण या विषयाचा मुंबईशी संबंध गेडिस यांच्यापासून सुरू होत नाही. हेन्री जॉन कार्टर नावाचा कंपनी सरकारचा डॉक्टर मुंबईत होता. त्याने मुंबई बेटावरच्या तळ्यांत वाढणारे गोड्या पाण्यातले स्पंज न्याहाळले आणि त्यांचे सविस्तर वर्णन १८४९ मध्ये प्रसिद्ध केले. ज्या तळ्यांवर आज इमारती उभ्या आहेत त्या तळ्यांतल्या शेवाळी, बोटचेप्या गोळ्यांनी या माणसाला स्पंजांच्या अभ्यासकांत जागतिक स्थान मिळवून दिले. इंग्लंडला परतल्यावर त्याने जगभरचे समुद्री स्पंज तपासले. द बारींनी ज्या वर्षी 'सिंबिओझ' म्हटले त्याच १८७८ मध्ये कार्टरने स्पंजांच्या अंगात वस्ती करणाऱ्या जीवांवर लेख लिहिला. त्याच्या शीर्षकात त्याने त्यांना सरळ 'परजीवी' म्हटले आहे. गुलाम, परजीवी, सहवासी, प्रेमी : दहा-पंधरा वर्षांच्या आत एकाच तऱ्हेच्या नात्याला एवढी नावे मिळाली. सूक्ष्मदर्शके सर्वांचीच चांगली होती.

आता घुर्ये. गोविंद सदाशिव घुर्ये यांचा जन्म १२ डिसेंबर १८९३ रोजी मालवणात झाला. मुंबईत एल्फिन्स्टन महाविद्यालयात ते संस्कृत शिकले आणि शिकवू लागले. समाजशास्त्राच्या उच्च शिक्षणासाठी विद्यापीठ कोणालातरी विलायतेस पाठविणार होते. गेडिस यांच्या व्याख्यानांना बसणाऱ्या या तरुणाने मुंबई शहरावर निबंध लिहिला, गेडिस यांना तो पसंत पडला आणि १९२० मध्ये घुर्ये इंग्लंडला गेले. तेथे केंब्रिजला डब्ल्यू. एच. आर. रिव्हर्स हे त्यांचे मार्गदर्शक झाले. १९२२ मध्ये रिव्हर्स अकस्मात वारले, तेव्हा घुर्यांचा प्रबंध आल्फ्रेड कोर्ट हॅडन यांच्या हाताखाली पुरा झाला.

हॅडन कोण? मानववंशशास्त्राच्या इतिहासात त्यांचे नाव १८९८ च्या टॉरेस सामुद्रधुनी मोहिमेमुळे अजरामर आहे. परंतु ऑस्ट्रेलिया आणि न्यू गिनी यांच्यामधल्या त्या सामुद्रधुनीत ते पहिल्यांदा गेले ते १८८८ मध्ये, आणि तेव्हा ते डब्लिनला प्राणिशास्त्राचे प्राध्यापक होते. ते गेले होते प्रवाळभित्ती आणि समुद्री प्राणी पाहायला. समुद्रपुष्पे हा त्यांचा खास विषय. तेथे पोवळ्यांच्या बेटांवर राहणारी माणसे आणि त्यांच्या विस्मरणात चाललेल्या चालीरीती पाहून ते माणसांकडे वळले.

म्हणजे असे झाले. मालवणात जन्मलेल्या आणि भारतीय समाजशास्त्राचा पाया घालणाऱ्या या पुरुषाला ज्या दोन गुरूंनी उभे केले ते दोघेही समुद्रपुष्पांच्या अभ्यासातून समाजाकडे आलेले होते. आणि त्या शिष्याच्या जन्मगावासमोर, सिंधुदुर्गाभोवतीच्या खडकांवर, त्याच समुद्रपुष्पांची सख्खी भावंडे, म्हणजे जिवंत पोवळी, त्याच पिवळ्या पेशी पोटात घेऊन वाढत होती. गुरू-शिष्यांत याविषयी कधी बोलणे झाले असते तर, अशी कल्पना मनात येते, परंतु तिच्यात फार रमण्यात अर्थ नाही. शास्त्रज्ञांच्या नकाशावर मालवणची पोवळी तेव्हा नव्हतीच.

घुर्ये १९२४ मध्ये विभागप्रमुख झाले आणि १९५९ पर्यंत त्यांनी मुंबईत विद्यार्थ्यांच्या पिढ्या घडविल्या. 'युगान्त'कार इरावती कर्वे त्यांच्याच विद्यार्थिनी. एम. एन. श्रीनिवास, अ. र. देसाई हेही त्यांचेच. त्यांचा जातिसंस्थेवरील ग्रंथ १९३२ चा. तो काळ नाशिककराने विसरता कामा नये. २ मार्च १९३० रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या नेतृत्वाखाली येथे काळाराम मंदिर प्रवेशाचा सत्याग्रह सुरू झाला होता, आणि तो १९३५ पर्यंत रेंगाळला. त्याच वर्षी ऑक्टोबरात याच जिल्ह्यातील येवल्यास बाबासाहेबांनी धर्मांतराची घोषणा केली.

सहजीवन या शब्दाचा गोडवा खऱ्या अर्थाने कसाला लागतो तो येथे. गावगाड्याचे वर्णन परस्परावलंबी शरीर म्हणून करण्याची आपल्याकडे जुनी सवय आहे. त्रिं. ना. आत्रे यांचा 'गावगाडा' १९१५ मध्ये आला. आत्र्यांची नजर एका महसुली अधिकाऱ्याची, बारीक आणि पुष्कळदा कडवट होती. परंतु त्यांच्या मागून आलेल्या कित्येकांनी त्या ग्रंथातली बलुतेदारी तेवढी उचलली आणि तिला आदर्श सहजीवनाचा साज चढविला. कुणबी धान्य देतो, सुतार नांगर देतो, महार वेस राखतो, सगळे एकमेकांना धरून. या चित्राला जीवशास्त्राचा पाठिंबा आहे असे सुचविणे सोपे असते : पाहा, समुद्रातसुद्धा असेच चालते. आंबेडकरांनी १९३६ मध्ये या युक्तिवादाच्या मुळावरच घाव घातला. जाती ही श्रमाची विभागणी नसून श्रम करणाऱ्यांचीच विभागणी आहे, आणि तीही पायऱ्यांची, असे त्यांनी दाखवून दिले. ज्याला मंदिराच्या दाराबाहेर उभे केले आहे त्याला तुम्ही आमच्याबरोबर एकाच देहात नांदता आहात असे सांगणे, याला आम्ही तरी सहजीवन म्हणू शकत नाही. श्वेंडेनर निदान गुलामाला गुलाम म्हणाले होते.

घुर्यांचा प्रश्न निराळा होता, पण त्याच कुळातला. आदिवासींना वेगळे राखावे या व्हेरिअर एल्विन यांच्या तत्कालीन मताविरुद्ध घुर्यांनी १९४३ मध्ये असे मांडले की ते हिंदू समाजाचेच मागे राहिलेले घटक आहेत आणि त्यांचे सामावून जाणे हेच स्वाभाविक. महादेव कोळ्यांवर त्यांनी १९५७ मध्ये स्वतंत्र ग्रंथ लिहिला. त्या समाजाची मुले आमच्या वर्गात बसतात. सामावून घेणे आणि गिळून टाकणे यांतले अंतर कोण मोजणार, हा प्रश्न त्या ग्रंथाच्या वाचकाने घुर्यांना विचारला पाहिजे, असे आम्हांस वाटते.

तेव्हा गेडिस यांच्या पिवळ्या गोलकांकडे परत जाऊन, त्यांचे पुढे काय निष्पन्न झाले ते पाहणे भाग आहे. १९२८-२९ मध्ये मॉरिस यंग यांच्या नेतृत्वाखाली ब्रिटिश शास्त्रज्ञ ऑस्ट्रेलियाच्या ग्रेट बॅरियर रीफवर वर्षभर राहिले. यंग यांचा निष्कर्ष गेडिस यांच्या विरुद्ध गेला : पोवळे हा मांसाहारी प्राणी आहे, सूक्ष्म जीव धरून खातो, शैवाल हा त्याचा अन्नदाता नसून फार तर मोरी साफ ठेवणारा. १९४४ मध्ये जपानी शास्त्रज्ञ सिरो कावागुती यांनी ही शैवाले पोवळ्याबाहेर वाढवून ती डायनोफ्लॅजेलेट गटातली असल्याचे दाखविले. १९५० आणि ६० च्या दशकांत किरणोत्सर्गी कार्बनच्या साहाय्याने मागोवा घेता आला, आणि पारडे पुन्हा गेडिस यांच्या बाजूला झुकले. शैवाल जी साखर बनवते तिचा फार मोठा वाटा पोवळ्याला जातो, आणि पोवळ्याचा चुनखडी सांगाडाही उन्हात अधिक वेगाने वाढतो. पोवळ्याच्या एका चौरस सेंटिमीटरमध्ये अशा पेशी दहा लाखांच्या घरात असतात. उष्ण समुद्राच्या जवळपास उपाशी पाण्यात एवढाल्या प्रवाळभित्ती उभ्या राहतात त्या या जोडीच्या बळावर.

परंतु हिशेब पुरता मांडला की प्रेमाचे नाव ओठांवर येत नाही. पोवळे शैवालाला आपल्या पेशीच्या आत, एका पडद्यात कोंडून ठेवते. त्याला मिळणाऱ्या नत्रावर ते लगाम ठेवते. पोट भरले तर शैवाल वाढेल, फुटेल, आणि साखर स्वतःच खाईल. त्याला अर्धपोटी ठेवले तरच उरलेली साखर मालकाच्या घरात येते. म्हणजे हे नाते टिकते ते एका बाजूच्या नियंत्रित उपासमारीवर. पाणी नेहमीच्या उन्हाळ्यापेक्षा अंशभर अधिक तापले आणि काही आठवडे तापलेलेच राहिले, की तोल सुटतो. २०२१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या संशोधनात असे दिसले की उष्णतेने पोवळ्याची स्वतःची भूक वाढते, त्यातून अधिक नत्र सुटते, ते मिळालेले शैवाल वाढू लागते आणि साखर देणे आखडते. बाहेरून रंग जसाच्या तसा असतानाच आतला व्यवहार मोडलेला असतो. तापलेल्या शैवालातून घातक ऑक्सिजन-संयुगे पाझरू लागतात आणि पोवळे त्याला बाहेर टाकते. मग दिसतो तो पांढरा सांगाडा, वर पारदर्शक कातडी, आणि आत जिवंत पण उपाशी प्राणी. रंग गेला, कारण रंग पोवळ्याचा नव्हताच.

स्पंजांची गोष्ट याहून गूढ आहे. १९७० च्या दशकात इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली पाहता आले तेव्हा काही स्पंजांच्या देहाचा जवळजवळ दोन पंचमांश भाग जिवाणूंनीच व्यापल्याचे आढळले. स्पंज दिवसभर पाणी गाळून त्यातले जिवाणूच खातो, आणि तरी आतल्या रहिवाशांना खात नाही. आपला कोण आणि भक्ष्य कोण हे तो कसे ओळखतो यावर आजही काम चालू आहे. समुद्री गवतांतही हाच प्रकार. भूमध्य समुद्रातल्या एका गवताच्या मुळांत नत्र बांधणारे जिवाणू राहतात, आपल्या हरभऱ्याच्या मुळांवरच्या गाठींत राहतात तसे, हे २०२१ मध्ये उघड झाले.

एक विसंगती येथे नोंदवावीशी वाटते. मराठी माणसाला पोवळे ठाऊक आहे ते सराफाच्या दुकानातले. नाशिकच्या सराफ बाजारात मंगळासाठी अंगठीत बसवून मिळते ते लाल पोवळे बहुधा भूमध्य समुद्रातून आलेले असते. रोमन काळापासून ते हिंदुस्थानात येत आहे आणि त्यामुळे आपल्या काव्यात ओठांना, अरुणोदयाला, गणपतीच्या अंगकांतीला त्याचाच रंग आहे. हे लाल पोवळे अंधाऱ्या कपारींत वाढते आणि त्याच्या पोटात पिवळ्या पेशी नसतात. त्याची लाली त्याची स्वतःची. जे पोवळे दुसऱ्या जीवाला घरात घेऊन, त्याच्या जिवावर आणि त्याला धाकात ठेवून जगते, ते मातकट, तपकिरी, हिरवट पोवळे आपल्याच किनाऱ्यावर होते आणि भाषेने त्याची दखल घेतली नाही.

शास्त्राने ती १९७९ मध्ये घेतली. गोव्याच्या राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेचे तेव्हाचे संचालक एस. झेड. कासीम आणि त्यांचे सहकारी वफर यांनी पश्चिम किनाऱ्यावर रत्नागिरी, मालवण, रेडी अशा ठिकाणी जिवंत पोवळी असल्याचे प्रसिद्ध केले. मालवणच्या गाबितांना, ज्यांची जाळी त्या खडकांवर पिढ्यान्‌पिढ्या फाटत आली, त्यांना यात नवे काही नव्हते. घुर्ये तेव्हा हयात होते. १९८३ मध्ये ते वारले. १९८७ मध्ये २९.१२ चौरस किलोमीटरचे मालवण सागरी अभयारण्य जाहीर झाले. पाण्याला अरण्य म्हणणारा हा शब्द वन्यजीव कायद्यातून आला आणि मच्छीमारांना तो पहिल्यापासून भयाचाच वाटला : रापण ओढायची कोठे, होडी लावायची कोठे? त्यांचा विरोध अनेक वर्षे चालला. २००१ मध्ये सर्व कठीण पोवळ्यांना वाघाच्या बरोबरीचे कायदेशीर संरक्षण मिळाले. कागदावर पोवळे आणि कोळी एकमेकांसमोर उभे राहिले, तर पाण्यात दोघांच्याही जिवावर उठलेली यांत्रिक जाळी ओढली जातच होती. संरक्षणाच्या योजना आखणाऱ्यांनी या एका गोष्टीकडे पुरेसे पाहिले नाही, असे आमचे स्पष्ट मत आहे.

आता तेथे पर्यटक पाण्याखाली उतरतात. किल्ल्याभोवतीच्या खडकांवर पाय टेकवतात, हाताने पोवळे चाचपतात, छायाचित्र काढतात. २०१० च्या दशकाच्या मध्यास, जगभरची पोवळी पांढरी पडत होती त्याच काळात, मालवणच्या पोवळ्यांचाही रंग उडाल्याचे गोव्याच्या संशोधकांनी नोंदविले. त्याच संशोधकांना पश्चिम किनाऱ्यावरील जिवंत पोवळ्यांत घर करणारा एक स्पंज सापडला. पोवळ्याच्या सांगाड्यातला चुना विरघळवून तो आत शिरतो आणि पसरतो. २०१९ मध्ये त्याला नवी जाती म्हणून नाव मिळाले 'क्लायोना थॉमासी', भारतीय स्पंजांचे अभ्यासक पी. ए. थॉमस यांच्या नावावरून. २०२१ मध्ये त्याच्या देहातल्या जिवाणूंचाही अभ्यास प्रसिद्ध झाला. पोवळ्याच्या पोटात शैवाल, पोवळ्याच्या सांगाड्यात स्पंज, स्पंजाच्या पोटात जिवाणू. आणि द बारींच्या १८७८ च्या व्याख्येत ही तिन्ही नाती बसतात.